पायाने चालणाऱ्या लेथवर ओल्या लाकडाचा वाडगा: ओंडक्यापासून तेल मुरेपर्यंत

पायाने दाबायची पावडी, दोरी आणि लवचीक काठी यांच्या जोरावर मागेपुढे फिरणाऱ्या लेथवर वाडगे कातण्याची पद्धत उत्तर युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ चालत आली. इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात व्हायकिंग काळातील कातारींनी वाडग्यातून तोडून टाकलेले लाकडी गाभे सापडले, आणि १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेतूनही खलाशांचे कातीव वाडगे बाहेर आले. बर्कशायर परगण्यातील बकलबरी येथे याच पद्धतीने पोट भरणारे जॉर्ज लेली १९५८ मध्ये वारले आणि त्यांचा लेथ रेडिंगच्या संग्रहालयात गेला. पुढे रॉबिन वुड या इंग्रज कातारीने तो लेथ आणि ती हत्यारे बारकाईने अभ्यासून ही कला पुन्हा उभी केली. आपल्याकडच्या पारंपरिक कातारीचा लेथही असाच मागेपुढे फिरणारा होता. फरक इतकाच, की तेथे दोरी मदतनीस ओढत असे किंवा कातारी स्वतः धनुकलीने फिरवत असे.

या लेखात इंग्लंडमधील ही पद्धत आपल्याकडे मिळणारे लाकूड, बांबू आणि भंगारातील पोलाद वापरून कशी अमलात आणावी, हे क्रमाने सांगितले आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: वाडगा चांगला होणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा तो लेथवर चढण्यापूर्वीच लागलेला असतो. ओंडका कसा फोडला आणि हत्याराला धार कशी लावली, या दोन गोष्टी नीट झाल्या तर पायाची ताकद पुरते. त्या बिघडल्या तर मोटारही उपयोगी पडत नाही.

लाकूड निवडणे आणि फोडणे

या पद्धतीत लाकूड ओलेच हवे. वाळलेले लाकूड पायाच्या जोरावर कातणे फार कष्टाचे असते, तर नुकत्याच तोडलेल्या लाकडाची सालपटे ओल्या रिबिनीसारखी सुटत जातात. पहिल्या वाडग्यासाठी शिवण किंवा आंबा घ्यावा. शिवण हलकी, सरळ स्वभावाची आणि वाळताना फारशी न वाकणारी आहे; आंबा कोठेही मिळतो, पण तो कापून पडून राहिला की त्यावर लवकर बुरशी धरते आणि काळपट डाग पडतात, म्हणून आंब्याचे काम आठवडाभरात उरकावे. सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात आणि ते धार लवकर खातात. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा खेळण्याला उत्तम, परंतु ताक किंवा आमटी वाढायच्या वाडग्यासाठी तो फार मऊ आहे. बिब्बा, काजू आणि कण्हेर यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये: पहिल्या दोहोंचा रस कातडी भाजतो आणि कण्हेर विषारी आहे. आंबाही बिब्ब्याच्याच कुळातला असल्यामुळे ज्यांना त्याच्या चिकाने पुरळ उठते, त्यांनी साल काढताना बाह्या लांब ठेवाव्यात.

लाकूड मिळवण्यासाठी झाड तोडण्याची गरज नसते. पावसाळ्यात पडलेल्या फांद्या, छाटणीचे ओंडके आणि वखारीतील तुकडे पुरेसे होतात. शहरात मात्र रस्त्याकडेची किंवा आवारातील फांदीही परस्पर तोडू नये, कारण महाराष्ट्रात नागरी भागांतील वृक्षतोडीवर १९७५ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. पडलेले लाकूडही जागेच्या मालकाला किंवा पालिकेच्या उद्यान विभागाला विचारूनच उचलावे.

पंधरा ते सतरा सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्यासाठी सुमारे चोवीस सेंटिमीटर जाडीचा, गाठी नसलेला ओंडका घ्यावा. ओंडक्याच्या तोंडाशी उन्हाने पडलेल्या भेगा दिसतात, त्या संपेपर्यंतचा भाग करवतीने कापून टाकावा आणि मग वाडग्याच्या व्यासापेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त लांबीचा तुकडा काढावा. हा तुकडा करवतीने न चिरता पाचर ठोकून बरोबर मध्यातून फोडावा. फुटताना लाकूड आपल्या शिरांच्या रेषेत उघडते आणि आतली पिळवटलेली शीर किंवा दडलेली गाठ लगेच उघडी पडते. ज्या ओंडक्याचे फुटलेले अंग पंख्याच्या पात्यासारखे पिळलेले दिसेल, तो सरळ चुलीसाठी ठेवावा. खोडाच्या अगदी मधला भेंडाचा पट्टा, दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा, कुऱ्हाडीने किंवा वाकसाने काढून टाकलाच पाहिजे, कारण तो वाडग्यात राहिला तर वाळताना तेथूनच चीर जाते, आणि ती कोणत्याही तेलाने थांबत नाही.

आता फुटलेले सपाट अंग हे वाडग्याचे तोंड आणि सालीकडची बाजू हे त्याचे बूड. सपाट अंगावर परकाराने वर्तुळ आखावे, मध्यबिंदू खिळ्याने ठळक करावा, चारही कोपरे करवतीने उतरवावेत आणि गुडघ्यापेक्षा थोड्या उंच ठोकळ्यावर ठेवून कुऱ्हाडीने ढलप्या काढत अर्धगोल आकार द्यावा. धरणारा हात नेहमी कुऱ्हाडीच्या पात्याच्या रेषेपेक्षा वर असावा. येथे घालवलेली वीस मिनिटे लेथवरचा तासभर वाचवतात: ठोकळा जितका गोल, तितके पहिले फेरे शांत.

लेथ

लेथची बैठक म्हणजे एकमेकींपासून चार-पाच सेंटिमीटर अंतरावर समांतर बसवलेल्या दोन जाड फळ्या. सव्वा मीटर लांबीच्या, पंधरा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड फळ्या उभ्या कडेवर बसवल्या तर त्या हलत नाहीत. पाय बाहेरच्या बाजूस पसरते ठेवावेत. फिरण्याचा अक्ष आपल्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे, म्हणून पायांची लांबी स्वतःच्या अंगाला धरून ठरवावी; दुसऱ्याच्या मापाने केलेल्या लेथवर पाठ धरते. फळ्यांमधल्या फटीत दहा सेंटिमीटर जाडीचे दोन खुंट उभे करायचे, त्यांचे खालचे निमुळते टोक फटीतून खाली काढायचे आणि तेथे आडवे भोक पाडून लाकडी पाचर मारायची. पाचर ठोकली की खुंट घट्ट, सैल केली की सरकवता येतो. बैठकीपासून अक्षाची उंची वाडग्याच्या त्रिज्येपेक्षा निदान दहा सेंटिमीटर जास्त ठेवावी.

डाव्या खुंटात टोकदार पोलादी सळईचे पक्के सेंटर, म्हणजे ज्या टोकावर काम फिरते ते, बसते. उजव्या खुंटात सोळा मिलिमीटरचा आट्यांचा बोल्ट नटमध्ये बसवून त्याचे टोक साठ अंशांच्या कोनात घासावे आणि मागे फिरवायला मूठ लावावी, म्हणजे काम करताना सैल पडलेला ठोकळा जागेवरच कसता येतो. दोन्ही टोकांना ग्रीस किंवा मेण आणि तेलाचे मिश्रण सतत लागते. लाकूड करकरू लागले की थांबून ते लावावे.

वाडगा आणि डावे सेंटर यांच्यामध्ये एक लाकडी रूळ असतो आणि या लेथचा खरा जीव त्यातच आहे. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, पंधरा सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर जाड रूळ घ्यावा. त्याच्या एका तोंडावर चार जाड खिळे ठोकून, डोकी कापून, बारा मिलिमीटर बाहेर ठेवावेत आणि कानशीने पटाशीच्या टोकासारखे चपटे घासावेत. हे खिळे ठोकळ्याच्या सपाट तोंडात, मध्यबिंदूभोवती, मोगरीने ठोकून रुतवले जातात. दोरी रुळाभोवती दोन-तीन वेढे घेते, आणि ती वाडग्यापासून दूर, रुळाच्या डाव्या टोकाशी असावी. नाहीतर आतला भाग कोरताना हत्याराला जागा उरत नाही. पाच सेंटिमीटरच्या रुळाचा घेर सुमारे सोळा सेंटिमीटर भरतो, म्हणजे पावडी चाळीस सेंटिमीटर खाली गेली की वाडगा अडीच फेरे घेतो. रूळ बारीक केला तर फेरे वाढतात पण जोर कमी होतो, म्हणून मोठ्या वाडग्याला जाड रूळ.

वर ओढणाऱ्या काठीसाठी आपल्याकडचा बांबू युरोपातल्या कोवळ्या खोडांपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. कोकणातला माणगा किंवा विदर्भातला मानवेल, साडेतीन ते चार मीटर लांबीचा, बुंध्याशी पक्का बांधून एक तृतीयांश अंतरावर टेकवला की शेंडा लेथच्या वर झुलतो. छत बुटके असेल तर दोन खांबांमध्ये सायकलची जुनी ट्यूब ताणून तिच्या मधोमध दोरी बांधावी. दोरी सहा ते आठ मिलिमीटरची, गुंफलेली आणि न ताणणारी असावी. खाली पावडीकडे जाणारी दोरी रुळाच्या कातारीकडील बाजूने उतरली पाहिजे. तसे झाले तरच पावडी दाबताना लाकूड वरून खाली, आपल्या हत्यारावर येते. उलट गुंडाळलेल्या दोरीने हत्यार उडते.

टेकूसाठी बैठकीत तिसरा खुंट पाचरीने बसवून त्यावर आडवा दांडा ठेवावा. तो वाडग्याच्या बाहेरच्या अंगाजवळ आणि नंतर तोंडासमोर आणता यावा, आणि त्यावर टेकवलेल्या हत्याराची धार अक्षाच्या किंचित वर यावी, एवढेच पाहावे.

आकडी घडवणे

बाजारात मिळणारी लेथची हत्यारे मोटारीच्या वेगाला धरून केलेली असतात. पायाच्या लेथला लागते ती आकडी: लांब दांड्याच्या टोकाला चपटी करून वळवलेली पोलादाची पट्टी, जिची कड ओल्या लाकडात शिरून सालपट उचलते. ती विकत क्वचितच मिळते. पण तिला लागणारे पोलाद कोणत्याही भंगारवाल्याकडे असते.

दहा ते बारा मिलिमीटर जाडीची, गाडीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगची सळई उत्तम. जुन्या कानशीपासून हत्यार करण्याचा मोह टाळावा, कारण कानस काचेसारखी ठिसूळ असते आणि लाकडात अडकली की तुटून तिचे तुकडे तोंडावर येऊ शकतात. भट्टीची सोय नसेल तर गावातल्या लोहाराकडे किंवा फिरत्या घिसाडी कारागिराकडे लाकडी नमुना घेऊन जावे. आकार समजला की त्यांचा हात आपल्यापेक्षा शंभरपट सरस चालतो.

सळई नारिंगी रंगाला येईपर्यंत तापवून आधी सरळ करावी. मग शेवटचे सहा-सात सेंटिमीटर ऐरणीवर ठोकून तीन मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर रुंद पट्टी करावी. पोलाद गडद लाल रंगाच्या खाली उतरल्यावर ठोकत राहिले तर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा भट्टीत घालण्याचा आळस करू नये. पट्टी ऐरणीच्या शिंगावर वळवून सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाची आकडी तयार होते. दोन आकड्या हव्यात: बाहेरच्या अंगासाठी उघड्या वळणाची आणि आतल्या पोकळीसाठी घट्ट वळणाची, थोड्या लांब दांड्याची. आकार झाला की तीन वेळा लाल करून हवेत सावकाश निवू द्यावे, म्हणजे ठोकण्याने आलेला ताण निघून जातो.

धारेचा उतार आकडीच्या बाहेरच्या अंगाला, तीस-पस्तीस अंशांत, कानशीने घासावा, पण पाणी देण्यापूर्वी, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कठीण करण्यापूर्वी, कड एक मिलिमीटर जाड ठेवावी. फार पातळ कड तापताना जळते आणि थंड होताना चिरते. आता पाणी देणे, म्हणजे प्रत्यक्षात तेलात बुडवणे. अंधाऱ्या जागी आकडीचे टोक तापवत राहावे आणि मधूनमधून चुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. तेथून आणखी एक छटा वर नेऊन ते कोमट शेंगदाणा तेलात उभे बुडवावे. तेल पत्र्याच्या खोल डब्यात, झाकण हाताशी ठेवून वापरावे, कारण ते पेट घेऊ शकते. जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी तुकडा भट्टीत कधीही घालू नये. त्याचा धूर बाधतो. थंड झालेल्या कडेवर कानस घसरली, खाल्ली नाही, तर पाणी बसले असे समजावे.

अशी आकडी अजून ठिसूळ असते. तिचे अंग घासून पांढरे करावे आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये २२० ते २३० अंशांवर तासभर ठेवावे, निवू द्यावे, आणि पुन्हा एकदा तसेच करावे. पांढऱ्या अंगावर वाळलेल्या गवताचा पिवळा रंग आला म्हणजे काम झाले. तो जांभळ्याकडे गेला तर धार टिकणार नाही. मग आकडीला चाळीस-पन्नास सेंटिमीटर लांबीची लाकडी मूठ बसवावी. मूठ लांब हवी, कारण टेकूच्या पुढे धार जितकी दूर जाते, तितका मागे आधार लागतो, आणि ही मूठ हाताबरोबर कुशीतही दाबून धरायची असते.

धार लावताना बाहेरचा उतार निसण्यावर सपाट ठेवून फिरवावा आणि आतल्या अंगाला काठीभोवती गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने हलका हात द्यावा. उतार एकसंध हवा, त्यावर दुसरा छोटा उतार पडू देऊ नये. कातताना हाच उतार लाकडावर टेकून धारेला वाट दाखवतो. तो गोलसर झाला की धार कधी घसरते, कधी खोल शिरते.

कातणे

ठोकळ्याच्या तोंडात रूळ ठोकून, बुडाच्या मध्यावर उजवे सेंटर रुतवून तो कसावा आणि हाताने एक फेरा देऊन पाहावा. ठोकळा कोठेही टेकूला लागता कामा नये. एक पाय पावडीवर, दुसऱ्यावर शरीराचा भार. पावडी खाली जाताना धार लाकडाला लागते. काठी दोरी वर ओढते तेव्हा लाकूड उलटे फिरते, आणि त्या क्षणी हत्यार उचलायचे नाही, फक्त केसभर सैल सोडायचे. हा ताल पहिल्या तासात जमत नाही आणि मग एकदम जमतो. तो जमेपर्यंत बाहेरच्या अंगावरच काम करावे, तेथे बिघडण्यासारखे थोडे असते.

बाहेरचे अंग नेहमी बुडाकडून काठाकडे कातावे. या दिशेने जाताना प्रत्येक शिरेला खालच्या शिरेचा आधार मिळतो आणि कात गुळगुळीत येतो; उलट गेल्यास शिरा उपटल्या जातात आणि अंग खरबरीत होते. आतल्या अंगाची दिशा याउलट, काठाकडून तळाकडे. आकडीचा उतार आधी लाकडावर घासू द्यावा, मग मूठ किंचित फिरवून धार लाकडात शिरू द्यावी. सालपट निघण्याऐवजी भुसा पडू लागला, तर धार गेली आहे किंवा उतार सुटला आहे. जोर वाढवण्याआधी निसणा घ्यावा. बुडाशी, सेंटरभोवती, दोन सेंटिमीटर जाडीचा खुंटा ठेवून त्याच्याभोवती बैठकीची कड आखावी, आणि ती मध्याकडे किंचित खोलगट करावी, म्हणजे वाळल्यावर वाडगा डगमगत नाही.

आता पोकळी. टेकू तोंडासमोर आणून, काठ आणि रूळ यांच्या मधोमध एक चर पाडायला सुरुवात करावी. रुळाभोवती उरणारा लाकडाचा गाभा प्रथम निदान सहा सेंटिमीटर जाड असू द्यावा. पायाचा सगळा जोर रुळातून या गाभ्यामार्गेच वाडग्यापर्यंत पोहोचतो, म्हणून तो घाईने बारीक केला की अर्ध्या खोलीवरच मोडतो आणि वाडगा पुन्हा लेथवर नीट चढत नाही. चर थोडा खोल, मग थोडा रुंद, पुन्हा खोल, असे जात राहावे आणि गाभा तळाकडे निमुळता होऊ द्यावा. अरुंद चरात शिरलेली आकडी दोन्ही बाजूंनी अडकते. या टप्प्यावर सालपटे आत साठतात. ती बोटांनी काढायची असतील तर पाय पावडीवरून खाली घ्यावा.

काठाजवळची भिंत आठ ते दहा मिलिमीटर जाड झाली की काठ त्याच वेळी पुरा करावा, कारण पोकळी वाढत जाते तसतसा काठ लवचीक होऊन थरथरू लागतो आणि मग तेथे परत हात घालता येत नाही. भिंतीची जाडी अंगठा आणि तर्जनीने चाचपून कळते. अवघ्या काही वाडग्यांत बोटे परकाराइतकी खात्रीची होतात. खोली मोजण्यासाठी काठावर, रुळाच्या बाजूला, एक सरळ पट्टी आडवी ठेवून काडी तळापर्यंत घालावी आणि तेच माप बाहेरून धरून पाहावे. तळाला दहा-बारा मिलिमीटर जाडी ठेवावी. सगळीकडची जाडी जवळपास सारखी असणे हे पातळपणापेक्षा महत्त्वाचे आहे: जाड बूड आणि पातळ काठ असलेला वाडगा वेगवेगळ्या गतीने वाळतो आणि फाटतो.

शेवटी गाभ्याची मान तळाशी अडीच सेंटिमीटर उरली की शेवटचा हलका, नव्याने धार लावलेला कात आतून-बाहेरून फिरवावा. मग वाडगा लेथवरून उतरवून रूळ हलकेच हलवत गाभा मोडावा. शिरा वाडग्यात आडव्या असल्यामुळे तो शिरांच्या रेषेत, दोन्ही बाजूंना आळीपाळीने दाबल्यास सहज सुटतो. आडवा ओढल्यास तळाचा तुकडा घेऊन निघतो. तळावरचा उंचवटा वळणदार चाकूने आणि बुडाचा खुंटा पटाशीने काढून टाकावा. जॉर्ज लेली हा गाभा वाया घालवत नसत. वळणदार लांब हत्याराने ते एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. ते काम हात पुरता बसल्यावरच हाती घ्यावे.

ओल्या लाकडाला पॉलिश पेपर लावू नये. तो भरून जातो आणि तंतू उभे करतो. आकडीच्या बारीक रेषा राहू द्याव्यात. त्या हाताला चांगल्या लागतात.

वाळवणे आणि तेल

लाकूड वाळताना शिरांना आडव्या दिशेने आकसते, शिरांच्या लांबीच्या दिशेने मात्र जवळपास आकसत नाही, म्हणून गोल कातलेला वाडगा वाळून किंचित लांबट होतो. हा दोष नव्हे. काळजी घ्यायची ती वाळण्याच्या वेगाची. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात वाडगा त्याच्याच ओल्या सालपटांत गुंडाळून कागदी पिशवीत, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा आणि सालपटे दोन दिवसांनी बदलावीत. कोकणातल्या पावसाळ्यात नेमके उलटे करावे: सालपटे न घालता, नुसत्या पिशवीत, हवा खेळेल अशा जागी, नाहीतर चार दिवसांत पांढरी बुरशी येते. स्वयंपाकघरातल्या तराजूवर एक दिवसाआड वजन करून लिहून ठेवावे. सलग काही वेळा वजन तेवढेच भरले की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले. पातळ वाडग्याला याला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात.

त्यानंतर लाकडी घाण्याचे कच्चे जवसाचे तेल कोमट करून भरपूर लावावे, अर्ध्या तासाने न मुरलेले पुसून घ्यावे आणि असे तीन-चार हात दिवसाआड द्यावेत. जवसाचे तेल हवेत सावकाश घट्ट होऊन लाकडात कायमचे बसते; खोबरेल तसे बसत नाही आणि उन्हाळ्यात त्याला खवट वास येतो. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल जेवणाच्या भांड्याला वापरू नये, कारण ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घातलेली असतात. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग फेकावीत. तेल पुरते घट्ट व्हायला तीन-चार आठवडे द्यावेत. पुढे वाडगा साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसावा, पाण्यात भिजत ठेवू नये, आणि काठ पांढुरका दिसू लागला की तेलाचा आणखी एक हात फिरवावा.